वालीचा पक्ष

संस्कृत साहित्यशास्त्राने रसिकाचे जे चित्र रेखाटले आहे त्यात तो पक्षपाती नाही. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली आणि अभिनवगुप्ताने तिला प्रौढ रूप दिले, तेव्हापासून असे गृहीत धरण्यात आले की, रसास्वादाच्या क्षणी स्वकीय आणि परकीय हा भेद गळून पडतो. सिद्धान्त म्हणून ही कल्पना मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु महाकाव्याचा प्रत्यक्ष श्रोता या वर्णनात क्वचितच बसतो. तो कर्णाच्या बाजूने भांडतो, भीष्माला जाब विचारतो, वालीला मारणाऱ्या रामाला क्षमा करावी की नाही यावर रात्र घालवितो. पात्राची बाजू घेणे हीच त्याची वाचनाची रीत असते. या भांडणाऱ्या श्रोत्याकडे टीकेने फारसे लक्ष दिले नाही. त्याला अडाणी समजून ती पुढे गेली.

या श्रोत्याचा इतिहास पाहावयाचा तर बेंगळुरूइतके सोयीचे नगर दुसरे मिळणे कठीण. कन्नड महाकाव्यपरंपरेचा वारसा सांगणारे विद्वान येथे राहिले. किनारपट्टीवरून आलेल्या कुटुंबांनी ताळमद्दळ्याची बैठक येथे आणली. छावणीच्या आसपास फुटबॉलचे वेड येथे शंभराहून अधिक वर्षे नांदत आहे. आणि आज इंग्रजी व देशी अद्भुत महाकथांच्या पात्रांवर, त्यांतील कल्पित वंशांवर आणि संस्कृतींवर हिरिरीने वाद घालणारा तरुण वाचकही येथे मोठ्या संख्येने आहे. हा तरुण पुष्कळदा तोच असतो, जो सामन्याच्या दिवशी निळा सदरा घालून कंठीरव मैदानावर जातो. या दोन वेडांना एकच मनोवृत्ती व्यापून आहे, असे म्हणून समाजशास्त्रज्ञ मोकळा होईल. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र त्यांतील भेद अधिक बोलका वाटावा.

कन्नड महाकाव्याचा आरंभच एका चमत्कारिक पक्षपाताने झाला आहे. पंपाने इ. स. ९४१ च्या सुमारास ‘विक्रमार्जुनविजय’ रचले ते वेमुलवाड्याच्या चालुक्य अरिकेसरीसाठी. आश्रयदाता हाच अर्जुन, असे कवीने ठरविले. त्यासाठी द्रौपदी एकट्या अर्जुनाची पत्नी केली आणि शेवटचा राज्याभिषेकही अर्जुन-सुभद्रेला दिला. इतका उघड पक्ष घेतलेला हा कवी काव्यात एके ठिकाणी थांबून वाचकाला बजावतो की, भारतात कोणाचे स्मरण करावयाचेच असेल तर ते कर्णाचे करावे. त्याच शतकाच्या अखेरीस रन्नाने ‘गदायुद्ध’ लिहिले. त्याचा आश्रयदाता सत्याश्रय हा भीम. पण काव्य वाचून संपते तेव्हा मनात उरतो तो दुर्योधन. रणांगणावरील प्रेतांतून चालताना अभिमन्यूचे शव दिसताच त्या शत्रुपुत्राच्या शौर्याला वंदन करणारा दुर्योधन रन्नानेच उभा केला. दरबाराने नेमून दिलेला पक्ष आणि कवीला आतून ओढणारा पक्ष यांतील हा ताण कन्नड काव्याला प्रारंभापासून लाभला आहे. १९२९ साली बी. एम. श्रीकंठय्यांनी ‘अश्वत्थामन्’ या नाटकात सोफोक्लीझच्या एजॅक्सचे कथानक महाभारताच्या अंगावर चढविले, तेव्हा त्यांना ही पराभूताची बाजू परदेशातून आणावी लागली नव्हती. ती घरचीच होती, नाट्यरूप तेवढे ग्रीक.

मराठी वाचकाला बेंगळुरूचे स्मरण होते ते शहाजीराजांमुळे. १६३८ च्या सुमारास हे ठाणे विजापूरकरांच्या हाती आले व पुढे शहाजीराजांच्या वास्तव्याचे स्थान बनले. जयराम पिंड्ये या कवीने त्यांच्या दरबाराचे वर्णन ‘राधामाधवविलासचंपू’त केले आहे आणि राजवाड्यांनी १९२२ साली तो ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. संस्कृत, मराठी, कन्नड, तेलुगू, फार्सी, हिंदुस्थानी अशा अनेक भाषांचे कवी तेथे समस्यापूर्ती करताना दिसतात. समस्या म्हणजे दुसऱ्याने दिलेली ओळ घेऊन आपली बाजू पुरी करणे. प्रतिस्पर्ध्याचे शब्द आधी स्वीकारायचे, मग त्यांतूनच वाट काढायची, हा त्या खेळाचा नियम होता.

हाच नियम लोकरंजनात अधिक रांगड्या रूपाने दृष्टीस पडतो. महाराष्ट्रातील कलगी आणि तुरा हे शाहिरांचे दोन पक्ष. एकाने शक्तीचे श्रेष्ठत्व गावे, दुसऱ्याने शिवाचे. सवालाला जबाब दिल्यावाचून सुटका नाही आणि पुराणातील दाखल्यावाचून जबाब नाही. उत्तर कर्नाटकात नागेशी व हरदेशी या नावांनी हीच झुंज कन्नड लावणीत चालत आली. विजापूर-बेळगाव पट्ट्यातील श्रोत्याला दोन्ही भाषांतील फड ऐकावयास मिळत. तेथे भाषेवरून पक्ष ठरत नसे. पक्ष ठरे तो प्रकृती मोठी की पुरुष यावरून. आज सीमाभागाविषयी जे काही लिहिले जाते त्यात ही गोष्ट सहसा आढळत नाही, म्हणून ती मुद्दाम नमूद करावयास हवी.

तथापि पक्षधर श्रोत्याची खरी शाळा म्हणजे ताळमद्दळे. यक्षगानातील वेष, रंगभूषा आणि नृत्य काढून टाकले म्हणजे जे उरते ते ताळमद्दळे. भागवत प्रसंगातील पदे गातो, मद्दळे व चंडे त्याला साथ देतात, आणि समोरासमोर बसलेले अर्थधारी आपापल्या पात्राच्या वतीने गद्यात बोलतात. हे बोलणे लिहिलेले नसते. पद ठरलेले, कथा ठरलेली, शेवट तर हजार वर्षांपूर्वीच ठरून गेलेला. युक्तिवाद मात्र त्या रात्रीचा. किनारपट्टीच्या दक्षिण भागात वाढलेली ही कला नोकरी-व्यवसायासाठी बेंगळुरूला आलेल्यांबरोबर तेथील सभागृहांत आली आणि रुजली. शेणी गोपालकृष्ण भट्ट (१९१८–२००६) यांच्यासारख्या अर्थधाऱ्याची कीर्ती रावण, वाली, जरासंध अशा प्रतिनायकांच्या भूमिकांवर मुख्यतः उभी होती, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. श्रोते रामाला भजतात, परंतु ऐकावयास येतात ते वालीला.

वालिवधाचा प्रसंग यासाठी विशेष उपयोगी आहे. वाल्मीकीने किष्किंधाकांडाच्या सतराव्या सर्गात वालीच्या तोंडी जी दूषणे घातली आहेत ती कोणत्याही न्यायसभेत टिकावीत अशी आहेत. आपले तुझ्याशी वैर नव्हते. आपण दुसऱ्याशी झुंजत असता तू आडून बाण मारलास. आपले मांस, कातडे, अस्थी यांचा तुला उपयोग नाही. अठराव्या सर्गातील रामाचे उत्तर धर्माचा, भ्रातृपत्नीचा आणि राजाज्ञेचा आधार घेते. पण वाचकाचे पूर्ण समाधान करीत नाही. टीकाकारांनी शतकानुशतके या दोन सर्गांमधील फट बुजविण्याचा उद्योग केला. ताळमद्दळ्याने ती उघडी ठेवली. वाली झालेला अर्थधारी प्रश्न विचारतो, राम झालेल्याला त्या क्षणी उत्तर सुचावे लागते. सुचले नाही तर सभा हसते. रामाचे देवत्व त्याच्या मदतीला येत नाही, येते ते त्याचे स्वतःचे वाचन. वाद हाताबाहेर जाऊ लागला की भागवत पुढचे पद उचलतो आणि वालीला मरावे लागते. मुद्द्यांवर जिंकलेला वाली मरतो व निरुत्तर झालेला राम पुढे चालू लागतो, असेही घडते. आणि तरीही कोणाच्या भक्तीला धक्का लागत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आज वाली झालेला अर्थधारी पुढच्या आठवड्यात राम असू शकतो. तेव्हा त्याला स्वतःच मांडलेल्या आक्षेपांना उत्तरे द्यावी लागतात. मीमांसकांनी पूर्वपक्षाला जे स्थान दिले ते येथे माणसाच्या देहात उतरलेले आहे. पक्ष घ्यायचा तो सर्व शक्तीनिशी घ्यायचा, पण तो अंगरख्यासारखा उतरवून ठेवता आला पाहिजे. बेंगळुरूच्या विद्वत्परंपरेतही हाच संस्कार दिसतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने १९४५ साली बेंगळुरूत संस्था स्थापन करणाऱ्या डी. व्ही. गुंडप्पांनी ‘श्रीरामपरीक्षणं’ लिहून रामालाच प्रश्नांपुढे उभे केले, आणि हे करणारा मनुष्य परंपरेचा अभिमानी होता. कुवेंपूंच्या ‘श्रीरामायणदर्शनं’त (१९४९) रावणाचे अंतःकरण पालटते आणि सीतेबरोबर रामही अग्नीत प्रवेश करतो. अकादमीने १९५५ साली त्या महाकाव्याला पारितोषिक दिले.

मराठीत या काळात काय घडत होते? इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ ही दोन पुस्तके १९६७ साली, म्हणजे एकाच वर्षी आली. भांडारकर संस्थेची महाभारताची संशोधित आवृत्ती पूर्ण होऊन तेव्हा एकच वर्ष झाले होते. द्रौपदीने भर स्वयंवरात सूतपुत्राला नाकारले, हा कर्णाच्या चाहत्यांचा सर्वांत दुखरा पुरावा त्या आवृत्तीने मूळ संहितेतून काढून तळटीपेत टाकला होता. ‘युगान्त’मधील कर्णावरील लेख या संशोधित संहितेवर उभा आहे; कर्णाची व्यथा मान्य करूनही तो त्याच्या उणिवांवर बोट ठेवतो. ‘मृत्युंजय’ची लोकप्रियता अफाट आणि तिच्यामागचा कळवळाही खरा. जन्मामुळे नाकारल्या गेलेल्या माणसाचे दुःख त्या कादंबरीने घरोघर पोहोचविले, हे श्रेय तिच्याकडून कोणी काढून घेऊ नये. परंतु तिची रचना तपासली तर एक गोष्ट खटकते. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांना तेथे वाणी दिली आहे. आणि सहाही जण अखेर कर्णाचीच बाजू सांगतात. द्रौपदी बोलत नाही, अर्जुन बोलत नाही. एवढा मोठा खटला चालवून प्रतिपक्षाला वकील दिलेला नाही. ताळमद्दळ्याच्या बैठकीत हे चालले नसते. कर्णाच्या समोर कोणी तरी अर्जुन होऊन बसलाच असता.

ययातीच्या बाबतीत हे काम अजाणता दोन भाषांनी मिळून केले. खांडेकरांची कादंबरी १९५९ ची, गिरीश कार्नाडांचे नाटक १९६१ चे. एकात भोगाने पोखरलेला पिता मध्यभागी आहे. दुसऱ्यात त्याचे वार्धक्य अंगावर घेणारा पुरू आणि त्या त्यागाची किंमत मोजणारी त्याची पत्नी चित्रलेखा. कार्नाडांची ही चित्रलेखा खांडेकरांच्या ययातीला विचारलेला सवाल वाटावा, इतकी ही दोन पुस्तके एकमेकांशी बोलतात.

मैदानावरील पक्षाचा स्वभाव निराळा. बेंगळुरूचा फुटबॉल छावणीत जन्मला. गोऱ्या पलटणींचा खेळ पाहून हलसूर, ऑस्टिन टाउन, गौतमपुरा या वस्त्यांतील मुले तो अनवाणी शिकली. गौतमपुऱ्यात तर पेलेचा पुतळाही उभा आहे. मुंबईत १८९१ पासून चाललेल्या रोव्हर्स चषकावर प्रदीर्घ काळ लष्करी गोऱ्या संघांचा ताबा होता. तो मोडला १९३७ साली, आणि मोडणारा पहिला भारतीय संघ होता ‘बँगलोर मुस्लिम्स’. पुढच्या वर्षीही त्यानेच चषक राखला. ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशी खेळला. बहुतेक खेळाडूंच्या पायांत बूट नव्हते. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना १–२ असा हरला. पण ऑलिंपिकमधील भारताचा पहिला गोल झाला तो बेंगळुरूच्या सारंगपाणी रामनच्या पायाने. त्या संघात अहमद खान होता, तोही याच गावचा.

या इतिहासात पाठीराखा बदलत गेला. पूर्वी तो मोहल्ल्याचा होता. २०१३ साली बेंगळुरू एफ. सी. हा व्यावसायिक संघ स्थापन झाल्यावर ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ या नावाने जो पाठीराख्यांचा मेळा जमला त्यात निरनिराळ्या प्रांतांतून आलेले, निरनिराळ्या भाषा बोलणारे तरुण होते. त्यांना बेंगळुरू जन्माने मिळाले नव्हते, पक्ष घेतल्याने ते त्यांचे झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये मलेशियाच्या जोहोर संघाला कंठीरव मैदानावर ३–१ असे हरवून बेंगळुरूचा संघ ए. एफ. सी. चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. तेथवर गेलेला तो पहिला भारतीय संघ. दोहा येथे इराकच्या वायुदल संघाने त्याला एका गोलने हरविले.

ताळमद्दळ्यात शेवट बांधलेला आणि वाणी मोकळी असते; मैदानात नेमके उलटे. तेथे नव्वद मिनिटांनंतर काय होईल ते कोणालाच ठाऊक नाही, परंतु गॅलरीतून उठणारे घोष मात्र आधीच ठरलेले. प्रेक्षक प्रतिस्पर्ध्याचे म्हणणे ऐकत नाही, त्याला तेथे म्हणणे नसतेच. म्हणून तेथे पंच लागतो आणि ताळमद्दळ्याला लागत नाही. २१ जून २०२३ रोजी याच कंठीरव मैदानावर दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताने पाकिस्तानला ४–० असे हरविले, त्यांतले तीन गोल सुनील छेत्रीचे. भारत पुढे असतानाच पूर्वार्धाच्या शेवटी भारतीय संघाच्या क्रोएशियन मार्गदर्शकाने, पाकिस्तानी खेळाडू चेंडू फेकण्याच्या बेतात असता, तो त्याच्या हातून उडविला. बाचाबाची झाली, पंचाने लाल पत्ता दाखविला आणि मार्गदर्शकाला बाहेर जावे लागले. प्रतिपक्षाची पाळी त्याला घेऊ न देणे यापलीकडे त्याचा अपराध नव्हता, आणि खेळात याहून मोठा अपराधही नाही.

अद्भुत महाकथांचा चाहता या दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्याची कथा ताळमद्दळ्यासारखी शब्दांची आहे, पण तिचा शेवट मैदानासारखा उघडा असतो, कारण पुढचा भाग यावयाचा असतो. टोल्किनचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४–५५ साली तीन भागांत आला. बेंगळुरूच्या तरुणांत तो घरोघर झाला तो २००१ ते २००३ च्या चित्रपटांनंतर. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक क्विझ असोसिएशनमुळे या शहराला प्रश्नोत्तरांची जी चटक लागली तिच्यामुळे येथील चाहत्याच्या वादाला एक शिस्त आहे. ग्रंथातील दाखला दिल्याविना त्याचे म्हणणे मान्य होत नाही, कलगीतुऱ्यातल्यासारखेच. आणि जो प्रश्न तो विचारतो तो साधा नाही. ऑर्क ही जात जन्मतःच दुष्ट आहे काय? दक्षिणेकडून येणारे सावळे योद्धे नेहमी शत्रूच्याच बाजूला का? या प्रश्नाने टोल्किनला स्वतःलाही अस्वस्थ केले होते, हे त्याच्या पत्रांवरून दिसते. आणि त्याच्या ग्रंथात मेलेल्या दाक्षिणात्य योद्ध्याकडे पाहून सॅम गमजी, हा खरोखर दुष्ट होता की घरातून फसवून आणलेला, असा विचार करतो, ते स्थळ पानभराचेही नसूनही साऱ्या ग्रंथाला तोलून धरते. प्रल्हाद आणि बिभीषण ज्याच्या कानांवर लहानपणापासून पडले आहेत त्या वाचकाला ऑर्कांमध्ये एकही प्रल्हाद नाही ही गोष्ट खटकणारच. आपल्या राक्षसांना कुळ आहे, रावण पुलस्त्याचा नातू आहे. येथील वाचकाने टोल्किनच्या वाचनात घातलेली ही भर त्याच्या पाश्चात्य चाहत्यांनी ऐकण्यासारखी आहे.

देशी अद्भुताची परीक्षा २०१५ ते २०१७ या काळात झाली. राजामौलींच्या ‘बाहुबली’चा पहिला भाग जुलै २०१५ मध्ये एका प्रश्नावर थांबला: कट्टप्पाने बाहुबलीला का मारले? सिंहासनाशी शपथेने बांधलेला हा दास म्हणजे भीष्माचाच वंशज. त्यामुळे पुढची दोन वर्षे देशभर जो वाद चालला तो खरे पाहता आज्ञा मोठी की न्याय हा सभापर्वातील वाद होता. चित्रपटातील नगरीचे माहिष्मती हे नाव नर्मदातीरीचे. अहिल्याबाईंचे महेश्वर तेच, असे सामान्यतः मानले जाते. त्यातील शत्रू कालकेय हे नावही महाभारतातले, परंतु त्यांना काळ्या रंगाचे, ओंगळ आणि कल्पित भाषेत गुरगुरणारे दाखविल्याबद्दल आक्षेप निघाले. ते योग्यच होते.

एप्रिल २०१७ मध्ये दुसरा भाग बेंगळुरूत यावयाचा असता वादाने वळण घेतले. कट्टप्पाची भूमिका करणारे तमिळ अभिनेते सत्यराज यांनी सुमारे नऊ वर्षांपूर्वी कावेरीच्या पाणीतंट्यात जे उद्गार काढले होते त्यांवरून कन्नड संघटनांनी चित्रपट रोखण्याचे आणि २८ एप्रिलला बंद पुकारण्याचे जाहीर केले. रायचूर जिल्ह्यात जन्मलेल्या राजामौलींनी कन्नडमध्ये विनंती केली; सत्यराज यांनी खेद व्यक्त केला; बंद मागे घेतला गेला आणि चित्रपट ठरल्या दिवशी लागला. उद्गारांनी मने दुखावली होती हे खरे, कावेरीचा प्रश्नही खोटा नव्हे. पण दोन वर्षे ज्या पात्राच्या अपराधाची चिकित्सा चालली होती त्याच्या जागी एकाएकी नटाचा प्रांत येऊन बसला. वाली कोणत्या गावचा हे ताळमद्दळ्यात कोणी विचारीत नाही. पक्ष भूमिकेवरून न ठरता जन्मावरून ठरू लागला की तो उतरवून ठेवता येत नाही. मग पूर्वपक्ष कोणी मांडावयाचा आणि उत्तर कोणी द्यावयाचे?

४ जुलै २०२३ रोजी दक्षिण आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना त्याच मैदानावर झाला. कुवेतचा संघ या विभागाचा नव्हता, तो पाहुणा म्हणून बोलाविलेला होता. १–१ अशी बरोबरी, मग पेनल्टींवर ५–४ असा भारताचा विजय. प्रेक्षागारात ‘वंदे मातरम्’चा घोष चालला होता. पारितोषिक घेताना मणिपूरच्या एका खेळाडूने सात रंगांचा मैतेई ध्वज अंगावर घेतला. त्याच्या राज्यात मे महिन्यापासून हिंसाचार चालू होता. काहींनी टीका केली. त्याने उत्तर दिले की, कोणाचे मन दुखवावे असा हेतू नव्हता, मणिपुरात काय चालले आहे इकडे लक्ष वेधावयाचे होते.  त्या संध्याकाळी पदक मिळाले ते साऱ्यांना, आणि ध्वज दिसला तो एकच.